सिस्टरची वेल

१

“बाप परत आला नाही अजून आणि तू त्याच्यावर मुरूम ओतायला निघालास!” रोझलिनने हातातला कोयता ओट्यावर आपटला. “सहा आठवडे झाले फक्त. मोज. बँकेत बसतोस ना, मग मोज!”

“आय, हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय.”

“जाऊ दे. भुईगावात ज्याला माहीत नाही असा एक माणूस दाखव मला.”

व्हॅलेरियन तिचा एकुलता एक मुलगा. बँकेत कारकून, कपड्यांना इस्त्री, आवाज खालच्या पट्टीतला. ईस्टरनंतर गास गावच्या फ्लॉसीशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. फ्लॉसीच्या बापाने अट घातली होती, की वाडीतलं ते बावखल आधी भरा. माझी पोरगी त्या पाण्याच्या काठावर नांदणार नाही. बावखल भरून त्यावर दोन खोल्या काढायच्या, असा व्हॅलेरियनचा बेत होता. शनिवारी सकाळी मुरमाचे ट्रक यायचे होते. आज सोमवार.

“पप्पा गेले,” तो म्हणाला. “कुठे गेले ते मला माहीत नाही. कोणी म्हणतं दुबईला, कोणी म्हणतं मुंबईत दुसरी बाई आहे. खरं काय ते देवाला ठाऊक. पण बावखलात नाहीत. दोन इंजिनं लावून तळापर्यंत उपसलं आपण. तू काठावर उभी होतीस. चिखलाशिवाय काय निघालं?”

“उपसलं तेव्हा थंडी होती,” रोझलिन म्हणाली.

“मग?”

“थंडीत ते वर येत नाही.”

व्हॅलेरियनने तिच्याकडे पाहिलं, ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं. मग त्याने बूट घातले आणि स्टेशनच्या एसटीसाठी तो निघून गेला.

रोझलिन तिथेच उभी राहिली. आपल्या तोंडून हे काय गेलं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तिसरीत शाळा सुटलेली बाई ही. पुढचं सगळं तिने मुलाच्या जुन्या पुस्तकांतून चुलीसमोर बसून स्वतः शिकून घेतलं होतं. फादरनी प्रवचनात सनावळी चुकवली तर मिस्सा संपल्यावर त्यांना गाठून सांगायची. भगताकडे जाणाऱ्या बायांना हसायची. “भूत असतं तर पहिलं माझ्या सासूचं आलं असतं,” हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि आता तीच असं बोलली होती.

२

वेल आणली उर्सुलाने, रोझलिनच्या नवऱ्याच्या, सिप्रियनच्या बहिणीने. ही उर्सुला नन. वीस वर्षं बेल्जियमच्या कॉन्व्हेंटात. एकोणऐंशीच्या नाताळात ती पहिल्यांदा घरी आली, गोरी आणि जाड होऊन. सगळ्यांना चॉकलेटं, फोटो, जपमाळा. भावासाठी म्हणून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. आत ओलं फडकं आणि फडक्यात चिंचोक्याएवढे हिरवट गोळे. वीसेक असतील.

“एवढ्या लांबून मेलेलं काहीतरी घेऊन आलीस,” रोझलिन म्हणाली.

“मेलेलं नाही ते, वयनी. झोपलंय.” उर्सुलाने एक गोळा नखाने सोलून दाखवला. पदरावर पदर, कांद्यासारखे. आणि अगदी आत घडी घालून ठेवलेलं एक पान. इवलंसं, पण देठाशिरांसकट पुरं. “आमच्या तळ्यात असते ही. छोट्या कमळासारखी पानं, तीन पाकळ्यांची पांढरी फुलं. थंडीत आमचं तळं असं गोठतं की पोरं वरून धावतात. तिथे काय जगणार? पण ही आधीच ओळखते. दिवस लहान झाले की हे कोंब तळाला सोडून देते आणि स्वतः कुजून जाते. कोंब चिखलात पडून राहतात चार-पाच महिने. उजेड वाढला की हलके होतात आणि वर येतात. एकीचे पन्नास होऊन येतात.” मग ती हसली. “मरत नाही ती. खाली जाते फक्त.”

रोझलिनला ते हसणं बोचलं. ज्या वयात उर्सुला कॉन्व्हेंटात फ्रेंच शिकत होती, त्या वयात रोझलिन रहाटाच्या बैलामागे फेऱ्या मारत होती. देवाने एकीला बोलावलं, दुसरीला बैलामागे लावलं, आणि लोक त्याला पाचारण म्हणतात. पण ते असो.

सिप्रियनने डबा नेऊन बावखलात उलटा केला. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. केळी, पानवेली, मोगरा, सगळं त्याच्यावर जगतं. दोन पावसाळ्यांत त्याचं पाणी दिसेनासं झालं. गाव म्हणू लागलं, सिस्टरची वेल.

आता यात आमच्या लोकांची चूक कुठे झाली ते सांगते. बावखलातलं काही बाहेर टाकायचं नाही, हा वाडीचा जुना नेम. गाळ असो, शेवाळ असो, काढायचं आणि केळीच्या बुडाशी घालायचं. उत्तम खत. सिप्रियन दाताळ्याने वेल ओढायचा आणि केळीला घालायचा. पावसात वाडीतलं पाणी पाटापाटाने वाहत पुन्हा बावखलात यायचं आणि येताना कोंब घेऊन यायचं. नवरा-बायकोने तीन वर्षं ती वेल स्वतःच्या हाताने पेरली, तीही कंबर मोडेस्तोवर.

३

आपल्याकडे कसली आलीय थंडी? डिसेंबरात पहाटे थोडं धुकं पडतं, म्हातारी माणसं मफलर काढतात, संपलं. वेलीला खाली जायचं काही कारण नव्हतं. उर्सुलाही पत्रात हेच म्हणाली होती, की तिथे बहुधा ती बाराही महिने हिरवी राहील.

पण ती गेली. पहिल्याच डिसेंबरात, शनिवारी संध्याकाळी हिरवंगार असलेलं बावखल रविवारी मिस्साहून परत येईतो काळं मोकळं पाणी झालं होतं. कुजकी पानं नाहीत, वास नाही. सिप्रियन मांडीपर्यंत उतरला, चिखलातून मूठभर कोंब काढले आणि रोझलिनच्या ओंजळीत दिले.

ते गरम होते.

फार नाही. कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं असतं, तेवढे. वरचं पाणी मात्र बोटं बधिर करणारं.

रोझलिनने विचार केला. शेणखताचा ढीग आतून तापतोच की. चिखलात पाला कुजतो, त्याची ऊब. तिला स्वतःचंच उत्तर पटलं. तिसऱ्या थंडीपर्यंत पटत राहिलं.

तोवर बाकीच्या गोष्टी इतक्या सावकाश झाल्या, की त्यांना तारीख नव्हती. बावखलातले बेडूक कधी थांबले ते कोणी सांगू शकलं नसतं. आणि सिप्रियनचे हात गार पडू लागले. पहिल्या वर्षी बोटं, मग तळवे, मग कोपरापर्यंत. हिवाळ्यात चिखलात हात घातला की ते पुढे आठ-आठ दिवस ऊब धरत नसत. उकळत्या चहाचा पेला तो मुठीत धरून बसायचा, आणि कातडी लाल झाली तरी म्हणायचा, “निवला गं हा.”

“डॉक्टरला दाखव,” रोझलिन म्हणायची.

“डॉक्टर काय दाखवायचा? वय झालं.” बावन्नावं चालू होतं त्याला.

४

त्र्याऐंशीच्या जानेवारीत एका सोमवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, सिप्रियन दाताळं घेऊन निघाला. “यंदा झोपेतच उपटतो तिला,” म्हणाला. “बघू मग वर कोण येतं.”

शेजारच्या वाडीतल्या मथुराने त्याला बावखलात उतरताना पाहिलं. दहा वाजता रोझलिन पेज घेऊन गेली. बावखलाच्या मधोमध दाताळ्याचा दांडा सरळ उभा होता. पाण्यात उभी काठी टेकते, कलते, पडते. हा दांडा कलत नव्हता. खालून कोणी धरून ठेवल्यागत उभा. पाणी सपाट. काठावर सिप्रियनचा सदरा, घडी घालून.

तिने हाका मारल्या. मग गावाने मारल्या. पोरांनी बुड्या घेतल्या. दुपारी दोन डिझेल इंजिनं आली आणि मंगळवारी संध्याकाळी बावखलाचं बूड उघडं पडलं. गुडघाभर चिखल आणि चिखलात कोंब. हजारो. गार हवेत त्यांच्यावरून वाफ निघत होती. माणूस नाही, हाड नाही, अंगावरच्या चड्डीचा धागासुद्धा नाही.

दांडा तेव्हाही उभा होता. ज्युलियस म्हणून सिप्रियनचा एक मित्र, त्याने तो ओढून काढला. नंतर पायरीवर बसून तो बराच वेळ पँटीला हात पुसत राहिला.

पोलीस आले, लिहून गेले. सात वर्षं वाट बघा, म्हणाले. फादर म्हणाले, मृतांसाठी मिस्सा कशी करणार, मेल्याचं ठाऊक नाही. लोक म्हणाले, सदरा घडी करून कोण मरतं? पळालाय. काळं नेसायचं की नाही, हेसुद्धा रोझलिनला कोणी सांगेना. नवरा मेला तर बाईला लोक सावरतात. तो पळाला तर तिच्यात काय कमी होतं ते शोधतात.

आणि गाळ? गाळ उघडा पडला होता आणि गाळ वाया घालवायचा नसतो. बाकी कशात नसली तरी नेमात गाव पक्कं. चार वाड्यांतले लोक पाट्या घेऊन आले, विचारून, मान खाली घालून, आणि पाट्या भरून घेऊन गेले. मथुरानेही दहा पाट्या नेल्या. पहिली पाटी रोझलिननेच तिच्या डोक्यावर दिली.

आठ दिवसांत झऱ्यांनी बावखल पुन्हा भरलं.

५

गाळातले पाच कोंब रोझलिनने घरी आणले होते. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून त्यात टाकले आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. कशासाठी ठेवले? तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, बघायला. बघून कळतं, हा तिचा सगळ्या आयुष्याचा अनुभव. शाळेत न जाता जेवढं कळलं ते बघूनच.

दीड महिना ते बुडाशी पडून होते. बरणी उबदार लागायची. खिडकीत ऊन येतं, ती म्हणायची. मग ढगाळ दिवशीही लागली, तेव्हा तिने काही म्हटलं नाही.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ती तांदूळ निवडत असताना बरणीत ‘टप्’ झालं. एक कोंब वर येऊन तरंगत होता. ती बघत असतानाच त्याचा वरचा पदर सुटला.

आणि लगेच बाहेरून, बावखलाच्या दिशेने, कोणी घसा खाकरला.

सिप्रियनला सवय होती. वाडीतून घरात यायच्या आधी मागल्या दाराशी घसा खाकरायचा. बायकामाणसं बसलेली असतील, सावध व्हावीत, म्हणून. पंचवीस वर्षं दिवसातून तीनदा ऐकलेला आवाज. रोझलिनच्या हातातलं सूप हललं नाही. बेडूक असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग तिला आठवलं, बेडूक नाहीत. गडी असेल कोणी. ती उठून मागल्या दारात गेली. वाडीत केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

बुधवारी मथुरा कुंपणाशी आली.

“रोझलिन, ऐकलं ते खरं काय? तू म्हनतेस नवरा बावखलात हाय?”

“म्हणते.”

“अगं, मानूस काय तो का मासा? सहा आठवडे पान्याखाली कोन ऱ्हाईल?”

“तुझ्या गाळाचं काय, मथुरा? केळी कशा आहेत?”

मथुराचा चेहरा थोडा उतरला. “केळी झ्याक हायत. सात पानं नवी काढली. पन गाळ गरम लागतो गं. मांजर दिवसभर त्यावरच झोपायचं.”

“झोपायचं?”

“दोन दिवस दिसलं नाय,” मथुरा म्हणाली. पदर नीट करत ती उगाच इकडेतिकडे बघू लागली आणि मग काम आहे म्हणून गेली.

त्या दिवशी रोझलिनने हिशेब मांडला, वहीत धडा उतरवावा तसा. तो थंडीत गेला. थंडीत जे जातं ते चिखलात सापडत नाही, चिखलासारखं होऊन पडून राहतं. उजेड वाढला की हलकं होतं. म्हणजे काही दिवसच राहिले होते. आणि काही दिवसांनी शनिवार होता. तिला ठाऊक होतं हा हिशेब वेडाचा आहे. पण दुसऱ्या कुठल्याच हिशेबात तिचा नवरा तिला सोडून न जाता गेलेला नव्हता.

तिने व्हॅलेरियनला बजावलं, “ट्रक आला तर मी चाकासमोर आडवी पडेन.”

“पड,” तो म्हणाला. आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून उठला.

६

शुक्रवारी, उपासकाळातला शुक्रवार म्हणून, गाव क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला देवळात गेलं होतं. रोझलिन गेली नाही. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन स्वच्छ होतं. चुलीवर चवळी शिजत होती.

बरणीतले उरलेले चारही कोंब एकदम वर आले.

मग बाहेरून आवाज सुरू झाला. टप्. टप् टप्. मग मोजता येईना. पन्हळीला पाऊस लागावा तसा, पण आकाश कोरडं.

ती धावली नाही. पदर खोचला, चवळीखालचं लाकूड मागे ओढलं आणि चालत गेली. बावखलाच्या पायरीवर बसली. पाण्याला उकळी फुटल्यासारखी दिसत होती. कोंब खालून सुटून येत होते, आणि पाण्यावर पोचला की प्रत्येक कोंब एक गिरकी घेऊन उजेडाकडे तोंड करत होता. तिला भीती वाटली नाही, हे खरं. तिला वाटला राग. एवढा उशीर केलास, असा. आणि रागाच्या खाली, खोटं कशाला बोला, आनंद.

“सिप्रियन,” ती म्हणाली, “ये आता. चवळी केलीय.”

मधोमध पाणी फुगलं. काहीतरी वर येत होतं, हळू, मोठ्या ओझ्याचं. हिरवट तपकिरी. पाण्यावर आलं आणि त्यानेही गिरकी घेतली. पदरावर पदर गुंडाळलेलं, घट्ट, गुडघे छातीशी घेऊन माणूस निजावा एवढ्या आकाराचं. टोकाशी वरचा पदर सुटत होता. रोझलिन पुढे वाकली.

सुटलेल्या पदराच्या आत एक कान होता.

सिप्रियनचाच. पाळीवर लहानपणी कुत्र्याने चावल्याची खाच होती, तीही जागेवर. पण कान नवा होता. तान्ह्या मुलासारखा लहान, गुलाबी, ओला. त्यामागे दुमडलेलं आणखी बरंच काही होतं, शिरांसकट पुरं, उघडायची वाट बघत. सहा आठवड्यांचं काम.

तिने हात पुढे केला होता. तो तसाच राहिला, कारण त्याच्या पलीकडे पाणी पुन्हा फुगलं. दुसरं वर आलं. गिरकी घेऊन तोंड फिरवलं. मग पायरीजवळ, तिच्या पावलांपासून दोन हातांवर, तिसरं. लांबच्या कोपऱ्यात केळीच्या सावलीखाली चौथं. त्याखाली पाणी काळं होतं आणि त्या काळ्यात आणखी काय येत होतं ते तिने पाहिलं नाही.

पहिल्याने घसा खाकरला. अगदी तसाच, मागल्या दाराशी खाकरायचा तसा.

मग बाकीच्यांनी.

७

व्हॅलेरियन दुपारची सुट्टी टाकून बाराच्या सुमाराला घरी आला. आई ओट्यावर बसली होती, भिंतीला पाठ लावून. चवळी करपल्याचा वास घरभर भरला होता. तिने दोन्ही हात काखेत धरले होते, थंडीत धरतात तसे, आणि बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

त्याने बूट काढले आणि तिच्याजवळ खाली बसला. गेले चार दिवस तो तिच्या इतक्या जवळ आला नव्हता.

“आय, माझं चुकलं,” तो म्हणाला. “काल फ्लॉसीशी बोललो. ती म्हणते, आईच्या डोळ्यांतून पाणी काढून बांधलेलं घर मला नको. तिच्या बापाला तीच समजावणार आहे. सकाळी ट्रकवाल्यालाही सांगून आलो, उद्या येऊ नको. तू म्हणतेस तर पावसाळ्यापर्यंत थांबू. वर्षभर थांबू. तुझा जीव निवेपर्यंत थांबू.”

ती मागल्या दाराकडे बघत राहिली.

“पप्पा तिथे आहेत असं तुला वाटतं ना? वाटू दे. मी पुन्हा वाद घालणार नाही. बावखल तुझं. कोणी मातीची पाटीसुद्धा टाकणार नाही, शब्द देतो.” त्याने तिचा हात काखेतून ओढून स्वतःच्या हातात घेतला आणि दचकला. “अगं, केवढा गार पडलाय हा! आय? बघ माझ्याकडे. काय झालं?”

मागच्या बाजूने, वाडीतून, ओल्या पावलांचा आवाज आला. एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल, नव्याने चालायला शिकणाऱ्या मुलाचं असतं तसं. व्हॅलेरियनने मान वळवली. रोझलिन उठली, आत गेली, मागल्या दाराला आतून कडी घातली, वर अडसर लावला आणि परत येऊन मुलासमोर उभी राहिली.

“आजच्या आज ट्रक बोलाव, अंधार पडायच्या आत भरून काढ, आणि माती टाकताना तुझ्या बापाने हाक मारली, चारी बाजूंनी मारली, तरी एकानेही हात थांबवायचा नाही.”